मायाक्काचा खांब

शाळेत किस्से खडूच्या भुकटीसारखे साठतात, झटकावेत तेवढे अंगावर येतात. त्यात यंदा सहावीला 'नातेसंबंध आणि स्तंभालेख' असा उपक्रम आला! पोरांनी घरातल्या, वर्गातल्या नात्यांची माहिती गोळा करायची, तिचे खांब काढायचे, आणि त्यातून म्हणे त्यांना माणसं कळणार. हे ज्याला सुचलं त्याला एकदा आमच्या भवानी पेठेत माझ्या वर्गावर सोडा!

मी हो म्हटलं ते मायाक्कासाठी. सांगोल्याकडची धनगराची पोर, जूनमध्ये आली. मधल्या सुट्टीत भिंतीकडं तोंड करून एकटी जेवायची, कोणाशी अक्षर बोलायची नाही. आई टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला. तिनं मला सरळच सांगितलं, "बाई, दिवाळीपातूर पोरगी रमली तर ठीक. न्हाय तर दाखला काढून मामाकडं धाडती. रातीला लई रडती वो." मामाकडं म्हणजे मेंढरांमागं. शाळा संपलीच की!

*

पहिला आलेख, घरात तुमच्याशी कोण किती बोलतं. स्नेहलचे वडील कुर्डुवाडीला रेल्वेत, घरी येतात रविवारी. सोमवारी थेट शाळेत हजर! "बाई, माझा खांब एवढुसाच? काल घरी आलेल्या पाहुण्यांनी बघितला की!"

"मग रोज फोनवर बोला की पोरीशी!" मी वैतागून म्हटलं. तर हे गृहस्थ आता रोज माझ्या तासालाच शाळेच्या ऑफिसात फोन करतात. "स्नेहलला द्या जरा, खांब वाढवायचाय."

*

मग भांडणांचा आलेख. या आठवड्यात कोणाशी भांडलात ते मोजायचं. मोजता मोजता ओंकार आणि समीर असे जुंपले की वह्या फाटल्या, कंपासपेट्या उडाल्या. मी दोघांना कॉलर धरून वेगळं केलं. ओंकार नाक पुसत विचारतो, "बाई, हे आत्ताचं पण धरायचं का?"

*

श्रीनिवासचे आजोबा चादरींची डिझाईनं काढतात, आलेख कागदावरच, एकेक चौकोन रंगवून. त्यामुळं ग्राफ म्हटलं की त्या घरात सगळ्यांचे हात शिवशिवतात! पोराचा आलेख परत आला तो दोन्ही बाजूंनी सारखा, कडेला नक्षी, मधोमध मोर!

"अरे, यात आई कुठंय?"

"मोराच्या डाव्या पंखात, बाई. आमचे ताता, म्हणजे आजोबा, म्हणाले, एकीकडं उंच नि एकीकडं रिकामं, असला ग्राफ कोण काढतं? अशी चादर खपते का?"

मी मुख्याध्यापकांकडं गाऱ्हाणं घेऊन गेले, तर त्यांना तो मोरच आवडला! वर मलाच म्हणाले, "बाई, तपासणी यायचीय. सगळ्यांचं प्रेम जरा सारखं करून घ्या की."

*

शेवटचा डब्याचा आलेख. भिंतीवर मोठा कागद. ज्याच्यासोबत जेवलात त्याच्या नावावर टिकली लावायची. सगळ्यांचे खांब चढले, मायाक्काच्या नावावर एकही टिकली नाही. पोर त्या रिकाम्या जागेकडं बघत बसलेली. कुठून दुर्बुद्धी झाली नि हा कागद लावला!

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर तिचा खांब सगळ्यात उंच! आणि मी आदल्या दिवशी व्हरांड्यातून स्वतः बघितलेलं, पोर एकटीच जेवत होती.

"कोणी लावल्या या?"

श्रीनिवास उभा राहिला. "सगळ्यांनी, बाई. मधेच रिकामं होतं. डिझाईन बिघडत होतं."

माझं डोकंच फिरलं. "अरे, खोटी माहिती भरायची नाही, किती वेळा सांगू? खरंच सोबत जेवलात तरच टिकली! नाहीतर काढा सगळ्या!" पण काढायला एकजण उठेल तर शपथ!

दिवाळी तोंडावर आलेली. त्याच दिवशी मधल्या सुट्टीत मायाक्काची आई आली, दाखला मागायला. दोघी मिळून पोरीला शोधायला निघालो. भिंतीपाशी ती दिसेचना. तिथं अख्खा वर्ग डबे घेऊन एकमेकांच्या अंगावर पडलेला. मला बघून श्रीनिवास ओरडला, "बाई, आता खरं झालं! टिकल्या राहू द्या!"

आणि त्या घोळक्यातून एक खणखणीत आवाज आला. जूनपासून मी तो एकदाही ऐकला नव्हता. "आरं, सरका की! मला जेवू द्या की!"

आई बघतच राहिली. मग पदरानं तोंड पुसून माझ्याकडं वळली.

"बाई, उद्यापास्नं भाकरी किती बांदू?"