लंगडं इंजिन

दादाला जाऊन आज वर्ष झालं. सकाळी आम्ही त्याचं इंजिन पेटवलं.

नको होतं पेटवायला, असं दुपारपर्यंत वाटत होतं. आता वाटत नाही.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, मधुकर. रिटायर झाल्यावर ब्रह्मपुरीच्या घराच्या मागच्या खोलीत तो वाफेच्या इंजिनांची मॉडेल्स बनवायचा. शोकेसमध्ये ठेवायची नव्हेत. हातभर लांब, पितळेची, खरं पाणी उकळून चालणारी.

सगळी छोट्या लाईनची. आज जिथे ब्रॉडगेज आहे, तिथे आमच्या लहानपणी अरुंद रुळांची गाडी धावायची. आमचे बाबा तिचे ड्रायव्हर.

बाबांचं इंजिन लंगडं होतं.

धावायचं व्यवस्थित, पण वाफेचे ठोके सारखे पडत नसत. तीन ठोके सरळ, चौथा जरा थांबून. गुडघा दुखणारा माणूस पायऱ्या चढतो ना, तसं. शेडमध्ये दुरुस्त व्हायचं आणि पुन्हा लंगडायला लागायचं.

आईला ते लंगडणं सोयीचं होतं. आमचं क्वार्टर रुळांना लागूनच. धानाच्या बांध्यांपलीकडून तो ठोका आला की ती चुलीवर आधण ठेवायची. बाबा हातपाय धुऊन पाटावर बसेपर्यंत भात तयार.

बाबा गेले तेव्हा मी चंद्रपूरला कॉन्व्हेंटच्या हॉस्टेलमध्ये होते. ते नागभीडला, ड्रायव्हरांनी विसावा घ्यायच्या रनिंग रूममध्ये झोपले आणि उठलेच नाहीत.

त्यांची गाडी दुसऱ्या ड्रायव्हरनं आणली.

ठोका तोच होता.

आईनं भात टाकला.

तो ड्रायव्हर टोपी हातात घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा भात रटरटत होता. दादा घरातच होता. करपलेल्या भाताचा वास त्याच्या नाकातून पुढे कधीच गेला नाही. लग्नाच्या पंगतीतही तो भाताला नको म्हणायचा. वहिनी चिडवायची, "धानाच्या मुलखातला माणूस, अन् पोळीवर जगते."

पुढे ते इंजिन भंगारात गेलं. मग लाईनही गेली.

आणि दादानं ते पुन्हा बनवायला घेतलं.

बॉयलर, चाकं, धुराडं, सगळं जमलं. अडलं ते लंगडण्यापाशी. मॉडेल बनवणारी माणसं ठोके एकसारखे पडावेत म्हणून जिवाचं रान करतात. दादानं व्हॉल्व्ह आधी अगदी अचूक बसवला, आणि मग कानस घेऊन स्वतःच्याच हातानं बिघडवत बसला. केसभर घासायचं, पेटवायचं, ऐकायचं. इंजिनामागच्या वाघिणींमध्ये, म्हणजे मालडब्यांमध्ये, वहिनी धान भरून द्यायची, कारण ओझं असल्याशिवाय ठोका फुटत नाही.

पुण्याचे एक मॉडेलवाले गृहस्थ बघायला आले होते. संकोचून म्हणाले, अहो, तुमच्या व्हॉल्व्हमध्ये काहीतरी चुकलंय. दादानं त्यांना जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

पण परीक्षक एकच होती. आई.

नजर गेलेली, कान शाबूत. तो तिला खुर्चीत बसवायचा, अंगणातल्या रुळांवर गाडी सोडायचा आणि तिच्या तोंडाकडे बघत राहायचा. इंजिनाकडे नाही.

आई ऐकायची. मग मान हलवायची.

"नाई बापा. हे त्यायचं नोहे."

दादा हसायचा आणि कानस उचलायचा. दर वेळी हेच. मी सुट्टीत यायचे तेव्हा मलाही वाटायचं, आई, एकदा खोटं तरी हो म्हण. पण आमच्या आईला खोटं बोलता येत नाही, असं आम्ही दोघंही समजून चाललो होतो.

शेवटच्या आजारपणात त्यानं मला विचारलं, "शशी, तुला काय वाटतं, किती फरक राहिलाय?"

मला तर फरकच कळत नव्हता. तो ठोका सुरू झाला की माझी मान आपोआप दाराकडे वळायची.

आज श्राद्धाचं पान वाढायच्या आधी वहिनी म्हणाली, त्याचं इंजिन तरी फिरवू या. तिनं वाघिणी भरल्या, मी पाणी घातलं, बर्नर पेटवला. वर्षभर कुणी हात लावला नव्हता. जरा थरथरलं आणि निघालं.

तीन सरळ. चौथा थांबून.

खुर्चीतून आईचा आवाज आला. "आधण ठेव वं."

वहिनी जागच्या जागी थांबली. मी आईजवळ जाऊन बसले. "आई, म्हणजे हेच होतं?"

"मले तं पयल्याच दिवशी समजलं होतं."

"मग दादाला सांगितलं का नाहीस?"

तिचा कान इंजिनाकडेच होता.

"हो म्हणलं असतं तं भात टाका लागला असता. मागं टाकला होता. कोण आलं?"

 मग ती म्हणाली, "आज टाक. दोघायचा टाक. आता संगच येऊन राह्यले."

वहिनीनं तांदूळ धुतले.

अंगणात पाणी संपलं, इंजिन थांबलं. आम्ही तिघीही दाराकडे तोंड करून बसलो होतो. आईसुद्धा.

दादा, हेच होतं. पहिल्याच दिवशी जमलं होतं तुला.

आता कानस ठेव खाली.

भात झालाय. दोघं जेवून जा.