चादरीचं दुसरं टोक

माझी धाकटी जाऊ लग्न होऊन आली तेव्हा इतकी काटकुळी होती, की सासूबाई म्हणाल्या, "वारा सुटला की हिला आत घ्या गं." दोन वर्षांत ती माझ्याबरोबर लाँड्रीत कामाला लागली आणि तिच्या हातातून चादर सोडवून घ्यायची कुणाची छाती होईना. मुकादम तिला चिमटा म्हणायचा. एकदा धरलं की धरलं.

लाँड्रीत हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी यायच्या. मोठ्या चादरीची घडी एकटीला जमत नाही. दोघींनी समोरासमोर उभं राहायचं, दोन-दोन टोकं धरायची, मागे सरून जोरात ताणायचं, मग चालत एकमेकींजवळ यायचं आणि टोकाला टोक जुळवायचं. दिवसाला तीनशे वेळा. वीस वर्षं आम्ही दोघी अशा समोरासमोर चालत आलो. घरातली निम्मी भांडणं तिथेच मिटली, कारण हातात चादर असताना पाठ फिरवून जाता येत नाही.

मग एका हॉटेलच्या बोचक्यातून फुटका पेला आला. हिने उजवा हात घातला आणि काच मनगटात खोल गेली. बोटांकडे जाणारा मज्जातंतू तुटला होता, तो डॉक्टरांनी शिवला. मज्जातंतू हा शब्द मी तेव्हा शिकले. तोवर माझ्या लेखी अंगात जे काही दोरीसारखं असेल ती शीरच. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर पडलं, वाकडं झालं. अंगठ्याच्या चिमटीत कागदसुद्धा राहीना.

माझा दीर, म्हणजे तिचा नवरा, जाऊन सात वर्षं झाली होती. तिची मुलगी अजून शिकत होती. मुकादम म्हणाला, "वर्षभर जागा राखतो. वर्षाने डबल चादर पेलली तर ठीक, नाहीतर मला दुसरी बाई बघावी लागेल." माणूस वाईट नव्हता. त्याच्याही डोक्यावर मालक होता.

पट्टी निघाली आणि जखम पक्की भरली, तेव्हा दवाखान्यातल्या व्यायामाच्या बाईंनी आम्हा दोघींना समोर बसवलं. "स्नायू काम करतात ना, तेव्हा त्यांच्यातून काही रस सुटतात. ते मज्जातंतूला वाढायला लावतात."

मी म्हटलं, "म्हणजे दंड बोटाला निरोप धाडतो?"

"तसंच समजा. काचेच्या ताटलीत हे पाहिलेलं आहे. ज्यांना काम करणाऱ्या स्नायूंचा रस मिळाला, ते तंतू कितीतरी लांब वाढले. माणसाच्या हातात हे किती चालतं, ते अजून तपासतायत. पण बसून राहिलेला हात निरोप कसला धाडणार? तुम्ही काम काय करता? चादरी ताणता? मग ताणा. आधी हलक्या, मग जड."

झालं. जाऊ कामावर आली. पहिलीच चादर ताणताना तिने ओठ घट्ट चावला. मला ते बघवेना. ती ओढायची त्याच क्षणाला मी अर्धं पाऊल पुढे सरकू लागले. चादर ताणल्यासारखी दिसे, जोर मात्र कुणालाच पडत नसे. राहिलेल्या सुरकुत्या मी इस्त्रीवालीशी गोड बोलून तिच्याकडून काढून घ्यायचे. असली लबाडी वीस वर्षांच्या जोडीदारणीलाच जमते. घरीसुद्धा फरशीचं फडकं मी पिळायचे, पाण्याची बादली मी उचलायचे.

ती आनंदाने म्हणायची, "ताई, आज डबल पेलली की हो!"

"पेलली बाई," मी म्हणायचे.

चार महिन्यांनी बाईंनी पकड मोजायचं यंत्र तिच्या हातात दिलं. काटा होता तिथेच. बाईंनी तिचा दंड दाबून पाहिला, मनगटापर्यंत हात चाचपला. "चादरी रोज ताणता ना?"

"रोज तीनशे."

"मग हा हात काम केल्यासारखा का लागत नाही?"

जावेने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचं घड्याळ पाहू लागले.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच चादरीला ती थांबली. "ताई, तुमचे पाय पुढे येतात."

"अगं, तुला दुखतं ते मला बघवत नाही."

"मग डोळे मिटा. तुमची माया पाहून मुकादम जागा राखणार आहे का? आणि एरवी भांडण कितीही ताणता, तेवढी चादर ताणवत नाही तुम्हाला!"

इस्त्रीवाली फस्सकन हसली. मला हसू आलं नाही. मी फरशीच्या एका फटीला टाचा लावल्या आणि ओढलं. चादर तिच्या हातातून सुटून खाली पडली. पडलेली चादर पुन्हा धुवावी लागते. त्या दिवशी चौदा पडल्या, त्या मी काम संपल्यावर धुतल्या. दुसऱ्या दिवशी सोळा. एकदा ती रडत ओढत होती, आणि माझ्या टाचा फटीवरच होत्या. आयुष्यात एवढं जड काम मी केलेलं नाही.

पुढे करंगळीशेजारच्या बोटाला मुंग्या आल्या. बाई म्हणाल्या, लक्षण चांगलं आहे. वर्ष भरलं त्या दिवशी मुकादमाने स्वतः दुसरं टोक धरलं. आडदांड गडी तो. त्याने हात राखून ओढलं नाही. चादर कडक ताणली गेली आणि तशीच राहिली. त्याने मान हलवली आणि आपलं टोक माझ्या हातात दिलं.

त्यानंतर जावेने सहा वर्षं काम केलं. मुलगी मार्गी लागली. करंगळी मात्र वाकडीच राहिली. ते चार महिने मी खरं ओढलं असतं तर ती सरळ झाली असती का, असं मी एकदा व्यायामाच्या बाईंना एकटीला गाठून विचारलं. त्या म्हणाल्या, "कदाचित तरीही वाकडीच राहिली असती. खात्रीने कुणीच सांगू शकणार नाही, आजी."

जावेने हा प्रश्न मला कधी विचारला नाही.