गाईचे खूर आणि यांचं स्टूल

आमचे हे, नरसिंहराव, येलहंक्याच्या एका हायस्कुलात बत्तीस वर्षं फिजिक्स शिकवून रिटायर झाले. शाळेनं निरोपाला शाल दिली आणि यांनी लॅबमधलं आपलं तीन पायांचं लोखंडी स्टूल मागून आणलं. घरात शिकवणं काही थांबलं नाही. मी सुरीनं भोपळा कापायला गेले की यांचं सुरू, "कमला, जोर लावू नकोस, धार लाव. क्षेत्रफळ कमी, दाब जास्त!" स्वतः कधी साधी काकडी चिरली नाही, पण तोंड मात्र चालू.

चौऱ्याण्णव साली के. आर. पुरमला आमचं घर झालं. सव्वीस वर्षं भाड्याच्या घरांत काढल्यावर माझा एकच हट्ट होता, तांबड्या ऑक्साइडची जमीन, तोंड दिसेल अशी. वासुदेव मेस्त्रीनं ती घोटली खरी, पण गृहप्रवेशाच्या जेमतेम तीन दिवस आधी. "अक्का, अजून कच्ची आहे," तो म्हणाला. "अनवाणी चाला, पण टोकदार काही टेकवू नका. खड्डा पडला तर बुजवता येईल, पण रंग जुळायचा नाही."

आता आमच्यात गृहप्रवेशाला आधी गाय आत जाते, मग घरची बाई. पुढचा मुहूर्त चार महिन्यांनी होता. जाऊबाई म्हणाल्या, "गाय फाटकातच पुजा." मला रडूच आलं. गाईशिवाय कसला गृहप्रवेश? आणि जमिनीची वाट लागली तर?

"रडतेस काय? गणित करू," हे म्हणाले आणि आलेखाचा कागद घेऊन दूधवाल्या रघुपतीच्या गोठ्यात गेले. गाईच्या खुराला कुंकवाचं पाणी लावलं, कागदावर ठसा घेतला आणि चौकोन मोजत बसले. रघुपती बिचारा म्हणत होता, "स्वल्प, जरा लवकर करा सर, दूध काढायचंय."

नव्या घरी येऊन न रंगवलेल्या भिंतीवर खडूनं लिहिलं: गाय तीनशे किलो, चालताना दोनच खूर टेकलेले धरू, एकशेवीस चौरस सेंटीमीटर. भागाकार अडीच किलो, दर चौरस सेंटीमीटरला. मग माझ्याही पायाचा ठसा घेतला! "तू अडुसष्ट किलो, दाब पाऊण किलोसुद्धा नाही. म्हणजे गाईपेक्षा तू हलकी." वासुदेवसमोर, चारचौघांत! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

तरी वासुदेवनं आकडा बघून "सरी, चालेल" म्हटलं, आणि माझा जीव भांड्यात पडला.

गृहप्रवेशाच्या सकाळी हे तासभर आधीच दाराच्या आत स्टुलावर बसले, गाईच्या पावलांवर लक्ष ठेवायला. गाय आली, डौलात हॉल ओलांडून स्वयंपाकघरापर्यंत गेली, जाता जाता जाऊबाईंच्या साडीचा पदरही चघळला. जमिनीवर ओरखडा नाही. "बघितलंस? याला म्हणतात फिजिक्स!" म्हणत हे उठले.

स्टूल बाजूला केलं, तर खाली तीन खड्डे. माझ्या आरशासारख्या जमिनीत, ऐन दारात! पायांची रबरी बुचं कधीच झिजून गेली होती, आणि हे महाराज तासभर त्यावर ठाण मांडून होते.

मी रडले नाही. आता रडायची पाळी माझी नव्हती. खडू घेतला आणि त्यांच्या अडीचखाली लिहिलं: नरसिंहराव पंच्याहत्तर, पाय तीन, प्रत्येक पाय एक चौरस सेंटीमीटर. उत्तर पंचवीस. "गाईच्या दहापट," मी म्हटलं. सगळी मंडळी पोट धरून हसत होती.

यांनी भिंतीवरचा हिशेब बोटानं तपासला. मग माझ्या हातातून खडू घेऊन माझ्या उत्तरापुढे बरोबरची खूण केली. मला वाटलं, आता तरी चुकलं म्हणतील. तर म्हणाले, "रीत बरोबर आहे. पण एकक लिहिलं नाहीस. अर्धा मार्क कापला."

त्या दिवशी मी यांना कॉफी अर्धाच लोटा दिली. खड्डे मात्र मी आजवर बुजवू दिलेले नाहीत. हे शिकवायला लागले की मी दाराशी जाऊन तेवढीच जागा पुसत बसते.