रंग न लावलेली तूर

सुमनवहिनींचा फोन आला तेव्हा मी नेरच्या स्टँडवर यवतमाळच्या गाडीत बसलो होतो. "भाऊजी, हे उठूनच नाही राह्यले..." एवढंच त्या म्हणाल्या. मधुकर गावंडे, माझा तीस वर्षांचा मित्र, आमच्याच कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेला. सकाळचा चहा घेऊन जरा आडवा झाला, तो गेलाच. मी गाडीतून उतरलो आणि काही कारण नसताना कंडक्टरवर खेकसलो. दुःख झालं की मला आधी राग येतो, ही माझी जुनी खोड. या खेपेला मात्र तो राग फिरून माझ्याकडेच आला आहे आणि दीड महिना झाला, हलायला तयार नाही.

मी रसायनशास्त्र शिकवायचो. मधूची आणि माझी गाठ घट्ट झाली ती तुरीपायी. आमच्या भागात तुरीला मर लागते. हिरवीगार तूर फुलावर येते आणि बघता बघता उभ्या उभ्या वाळून जाते; मातीतली बुरशी मुळातून आत शिरते आणि झाडाचं पाणीच तोडते. लोक अशी झाडं उपटून जाळतात. मधूने मात्र आपल्या वावराचा एक कोपरा राखला आणि गावभरची मेलेली तूर आणून तिथे गाडायला सुरुवात केली. त्या रोगट मातीत जे झाड जगेल तेच त्याला हवं होतं. गावाने त्याला वेड्यात काढलं. वहिनी तर माझ्यादेखत बोलायच्या, "लोकं रोग काढते, हे पेरून राह्यले!" मधू हसायचा आणि पुन्हा चहा मागायचा.

"बुरशीच्या अंगावर कवच असते लेका," तो मला समजावायचा. "झाडाजवळ ते कवच कुरतडणारं विकर असते, कायटिनेज. सगळ्याच तुरीत असते. पण ते तयार होईस्तोवर बुरशी आत घुसून बसलेली असते. मले अशी तूर पायजे, जिले लवकर जाग येते." मग कॉलेज सुटल्यावर आम्ही दोघं प्रयोगशाळेत मुळं वाटत बसायचो. उष्णतेने विकर बिघडतं म्हणून खल बर्फात ठेवायचा आणि बर्फ आणायचा कुल्फीवाल्याकडून. मी मोजमाप करायचो, तो माझ्या खांद्यावरून वाकून आकडा बघायचा. बियाण्याला मात्र त्याने कधी औषध लावू दिलं नाही. औषध लावलं की बी गुलाबी होतं, ते त्याला बघवतच नसे. "मंग जगवलं कोनं, झाडानं का औषधानं?" हा त्याचा प्रश्न. मला तो नऊ वर्षांत शंभरदा तरी ऐकावा लागला.

पहिल्या वर्षी एकही झाड वाचलं नाही. पुढे कधी दोन, कधी चार. वाचलेल्यांचंच बी तो पुन्हा तिथेच पेरायचा, मागचं काही शिल्लक ठेवायचा नाही. या वर्षी सतरा झाडं शेंगा पिकेपर्यंत उभी राहिली. त्या कोपऱ्यात मला उभं करून तो एकेक झाडाला हात लावून मोजत होता. मी म्हटलं, "यातलं मूठभर बी विद्यापीठाला दे." तर म्हणाला, "एक साल अजून पाहू दे नं." मी जोर धरला नाही. धरायला हवा होता.

तो गेल्यानंतर पाचव्या दिवशी मी त्याच्या घरी तेरवीच्या सामानाची यादी करत बसलो होतो. मांडववाल्याशी फोनवर बोलणं चालू होतं. वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून एक पितळी डबा घेऊन आल्या. "भाऊजी, हे तूर खायाची हाय का बियाची? राख लावेल हाय, रंग तं नाही लावला." मी फोन कानाला तसाच ठेवून म्हणालो, "रंग नाही नं? मग खायचीच. घ्या भरडून."

जगात एकच माणूस उरला होता, ज्याला ठाऊक होतं की मधू बियाला रंग लावत नाही. तो मी.

बायांनी तूर भिजवली, वाळवली, भरडली. तेरवीला त्या डाळीचं वरण झालं. मी दोनदा वाढून घेतलं आणि छान झालंय असंही बोललो. चार दिवसांनी मधूची वही चाळताना शेवटच्या पानावर त्याच्या तिरप्या अक्षरात वाचलं, सतरा झाडांचं बी, घरी, राख लावून, पितळी डब्यात. मी वही मिटली. त्या घासाची चव आठवली आणि मोरीवर जाऊन ओकलो.

वहिनींना सांगायला मला आठ दिवस लागले. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या म्हणाल्या, "मी तुमालेच विचारलं होतं, भाऊजी." नंतर उठल्या, डाळ भरडून उरलेल्या चुणीचं, गाईसाठी ठेवलेलं पोतं ओढत आणलं आणि सुपात ओतत गेल्या. आम्ही दोघं दुपारभर ती चुणी निवडत बसलो. जात्यातून निसटलेले नऊ अखंड दाणे सापडले. भिजून उन्हात तापलेल्या दाण्यांत जीव राहत नाही, हे मला माहीत होतं. तरी ते मी त्यांच्या हातावर ठेवले. वहिनींनी ते ओल्या फडक्यात घालून खिडकीत ठेवले.

आठव्या दिवशी गेलो तेव्हा एकालाही मोड नव्हता. नऊही दाण्यांवर पांढरी बुरशी धरली होती, कापसासारखी. वहिनींना ती कोंबाची सुरुवात वाटते आहे. रोज सकाळी त्या फडक्यावर पाणी शिंपडतात आणि मला फोन करून सांगतात, "भाऊजी, आज जरा वाढलं." मी हो म्हणतो.