दुधीच्या वेलाला दिलेला दम

भोपळ्याचं खानदान लई चिवट. दुधी, दोडका, कारलं, काकडी, सगळे एकमेकांचे भाऊबंद. सगळ्यांना आधार पाहिजे, आणि आधार मिळाला की त्याच्याच मानेवर बसतात. माझ्या दुधीनं आधी गच्चीवरची कपड्यांची दोरी धरली, मग पाण्याची टाकी, शेवटी डिशची छत्री. ऐन मॅचमधे टीव्ही गेला. पोरगा वर येऊन म्हणाला, "बाबा, हे उपटा आता."

मी म्हणलं, "तू पण आईला असाच धरून बसायचा. तुला उपटला का कोणी?"

वेल बायकोच्या बियांचा होता. ती फुलंब्रीची. लग्नात माहेराहून भांडी कमी आणि बिया जास्त घेऊन आली. दरसाल एक दुधी वेलावरच वाळू द्यायची, त्याचं बी पुढच्या सालाला. मागच्या साली ती अंथरुणाला खिळली, पेरायचं राहिलं, आणि दिवाळीच्या आधी ती गेली. डब्यातलं उरलंसुरलं बी मी यंदा रंगाच्या बादलीत टोचलं. निम्मं किडलेलं होतं. उगवलं ते एकच. म्हणजे ह्या वेलावर एक दुधी जून झाला नाय, तर तिचं वाण संपलं. पोरगा म्हणतो, गुलमंडीच्या बाजारात बियांचं पाकीट मिळतं. म्हणलं, बायको पण मिळते का तिथं, विचारून ये.

फुलं आली, पांढरी, दिवस कलला की उमलणारी. काही फुलांच्या बुडाशी बोटाएवढा दुधी असायचा, काहींना नुसती लांब दांडी. दुधीवालं फूल मी तोडत नव्हतो, एवढी अक्कल आहे. लांब दांडीचं, रिकामं दिसणारं फूल रोज तोडायचो आणि गच्चीवरच्या माझ्या खोलीत बायकोच्या फोटोला लावायचो. तिला मोगरा आवडायचा. पण जन्मात कधी आणला नाय, आता आणला तर तिला संशय येईल.

इकडं बोटाएवढे दुधी पिवळे पडायचे आणि गळायचे. एक धरंना.

आमच्याकडं न फळणाऱ्या झाडाला दम द्यायची रीत आहे. एकानं विळा उगारायचा, दुसऱ्यानं मधे पडून गयावया करायची. गयावया करायचं काम बायकोचं असायचं, अगदी डोळ्यात पाणी आणायची. आता सुनेला बोलावलं. मी विळा उगारला, "कापतोच ही वेल, फुकट खाते नुसती."

सून मोबाईलमधे बघत म्हणाली, "नका कापू मामा. देईल ती."

"जरा जीव लावून म्हण."

"मामा, मला शेजारच्या गच्चीवरून लोक बघायलेत."

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या आपा वाळलेले कपडे काढायला वर आल्या. आपा म्हणजे बायकोची जिवाभावाची मैत्रीण, दोघींचा चहा ह्याच गच्चीवर व्हायचा. त्यांनी विळा बघितला, मग उघड्या दारातून फोटो बघितला, आणि कपडे खांद्यावर टाकून हसत सुटल्या.

"भाईसाब, ती बिचारी काय करंल? सगळे नवरदेव तुम्ही भाभीकडं नेऊन बसवले."

"कोण नवरदेव?"

"वो लंबी डंडीवाले. नर आहेत ते. ह्या भोपळ्यांच्यात नर अलग, मादी अलग. इथं वर पाखरू फिरकत नाय, म्हणून भाभी रोज सांजंला नर तोडायची, पाकळ्या काढायची आणि दुधीवाल्या फुलाला घासायची. म्हणायची, चला आपा, लगीन लावू. तुम्ही तेव्हा खाली बातम्यांवाल्याला शिव्या देत होते."

सून भिंतीकडं तोंड करून हसली. मी विळा पाठीमागं लपवला.

मादी एक उमललेली होती. नर त्या दिवशी एकच निघालेला, आणि तो फोटोवर. मी आत जाऊन तो काढला. बायको होती तेव्हा तिच्याकडून काही परत मागायचं म्हणजे आधी टोमणा खायचा. आज निमूट दिलं. ते काय मला आवडलं नाय.

पाकळ्या काढल्या, आतला पिवळा दांडा मादीच्या तोंडाला लावला. आणि जोरजोरात घासायला लागलो.

"आराम से, भाईसाब," आपा म्हणाल्या. "वरातीत नाचायलेत का?"

"तुम्ही अक्षता टाका अन् गप बसा."

चार दिवसांत त्या दुधीनं मान खाली घातली आणि फुगायला लागला. हातभर झाला तशी सून चाकू घेऊन वर आली. "मामा, कोवळा आहे. हरभऱ्याची डाळ घालून करते."

"हात लावला तर तुला दोरीवर वाळत घालीन."

"मग घरात वेल असून भाजी विकत आणायची व्हय?"

"आण. मी पिशवी धरतो."

विकतच्या दुधीची भाजी मुकाट्यानं खातो. वेलावरच्याला मात्र रोज सकाळी नख लावून बघतो, जून झाला का म्हणून. परवापर्यंत रुतत होतं. आज रुतलं नाय.