आई, आधी तुम्ही दाबा

"...आणि आजही तेच. तू चूक सापडत नाही म्हणणार, साहेब वैतागणार आणि घरात आम्ही चोरपावलांनी फिरणार," नवरा म्हणत होता. "देऊन टाक ते काम दुसऱ्याला. त्यात कमीपणा कसला?"

कमीपणा होता. दवाखान्यात नंबर लावायच्या त्या वेबसाइटचा सर्व्हरवरचा सगळा कोड तिने एकटीने लिहिला होता. मुलगी शाळेत जायला लागल्यावर ती हे काम शिकली. नातेवाइकांनी बाईची हौस म्हणून कौतुक केलं आणि विसरून गेले. त्या हौसेवर आता गावभरचे दवाखाने चालत होते. पण मधूनच एखाद्या पेशंटला भलत्याच माणसाचा नंबर दिसायचा. आज सकाळी गुडघे धरून आलेल्या आजोबांना बाळंतिणीची वेळ मिळाली, तेव्हा साहेबांनी सांगून टाकलं, संध्याकाळपर्यंत चूक सापडली नाही तर हा भाग दुसऱ्या टीमकडे जाईल.

लॅपटॉपवर तिने त्याच वेबसाइटची एक प्रत चालू ठेवली होती, खास चुका हुडकायला. कोड हव्या त्या ओळीवर थांबवायचा, त्या घडीला आत काय साठलंय ते बघायचं, मग पुढे सोडायचा. आठवडाभर हेच चाललं होतं आणि इथे मेला एकही नंबर चुकत नव्हता.

स्वयंपाकघरातून सासूबाईंनी विचारलं, भाजी उतरवू का. त्याच दमात नवऱ्याने विचारलं, "मग कळवतेस ना साहेबांना?"

"नको, अजून जरा शिजू द्या," ती नवऱ्याकडे बघून म्हणाली.

तो बघतच राहिला. सासूबाई झारा घेऊन दारात आल्या. "अगं, विचारलं मी आणि सांगतेस त्याला?"

ती हसली नाही. खुर्चीत ताठ बसली. आठवडाभर ती एकटीच नंबर लावत होती, एक झाला की मग दुसरा. दवाखाना उघडला की माणसं अशी रांगेने थोडीच येतात? सगळी एकदम तुटून पडतात.

"भाजी राहू द्या. दोघंही आपापला फोन घेऊन या."

नवरा कुरकुरला, सासूबाईंनी चष्मा शोधला. तिने दोन्ही फोनवर ती प्रत उघडून दिली, दोघांची नावं घातली. सासूबाईंना गुडघ्याचा डॉक्टर, नवऱ्याला दाताचा.

"आई, आधी तुम्ही दाबा."

सासूबाईंची नंबराची मागणी लॅपटॉपवर पोचली आणि तिने ती अर्ध्या वाटेत थांबवून धरली. मग नवऱ्याला दाबायला सांगितलं. त्याचा नंबर लागला. आता तिने सासूबाईंची मागणी सोडली.

सासूबाईंनी फोन डोळ्यांजवळ नेला. "हे तर याचं नाव. आणि मला दाताचा डॉक्टर कशाला? माझे दात तिकडे पेल्यात आहेत."

चूक हाताला लागली होती. पेशंटचं नाव आणि डॉक्टर घटकाभर ठेवायला तिने सगळ्यांना मिळून एकच जागा केली होती. मागून आलेला पहिल्याचं सगळं पुसून आपलं ठेवून जायचा. तिने प्रत्येकाला वेगळी जागा करून दिली आणि पुन्हा दोघांना बसवलं. आता नवऱ्यालाच चेव आला. आणखी एकदा, आणखी एकदा, म्हणत त्याने नाना तऱ्हांनी दाबून पाहिलं. नावं आपापल्या जागी राहिली.

तिने साहेबांना फोन लावला. "चूक माझीच होती," ती म्हणाली, "आणि सापडलीही मलाच."

साहेब काम तुमच्याकडेच राहू द्या म्हणाले, आणि बाकीच्यांचा कोडही तुमच्या नजरेखालून जायला हवा, त्यासाठी ऑफिसात येऊन बसाल का, असं विचारलं. तोवर सासूबाईंनी बहिणीला फोन करून, आमच्या सुनेने आख्ख्या ऑफिसला न सापडलेली चूक पकडली आणि तीही माझ्या फोनवर, असं दोनदा ऐकवलं होतं.

जेवताना नवऱ्याचा सूर मऊ होता. ऑफिसचं मोठंच आहे, म्हणाला, पण घाई नको, घरचं सगळं बघून महिन्याभराने ठरवू.

"मी हो म्हणून सांगितलंय," ती म्हणाली. "सोमवारपासून रोज ऑफिसला जाणार. मुलीला शाळेतून तू आणायचंस."