विटांवर चढवलेली गाडी

मंडळी, आज चुकलंच माझं.

कंपनी मला दोन वर्षांसाठी चेन्नईला पाठवतेय. म्हणून आजोबांनी पन्नासच्या दशकात घेतलेली गाडी चऱ्होलीच्या घरी झाकून ठेवायची होती. सकाळीच पेट्रोल काढलं, बॅटरी काढली, गाडी उचलून विटांवर चढवली. उरकलं एकदाचं!

तेवढ्यात माझे वडील, अण्णा, बाहेर आले. इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर टोपी.

"बंद करायच्या आदी इंजिन गरम करत्यात रं. म्हनलं, आळंदीला जाऊन येऊ."

"अण्णा, पेट्रोल काढलं सगळं."

"व्हय? ऱ्हाऊ दे मग." टोपी काढून ते गाडीत जाऊन बसले.

पेट्रोल शेजारीच कॅनमध्ये होतं हो. विटा काढायला अर्धा तास लागला असता. आणि मी कव्हर हातात घेऊन, ते कधी उतरतात याची वाट बघत उभा राहिलो.